टेकणे आणि आदळणे : शिकाऊ वैमानिकाच्या उतरण्याविषयी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानास पाचारण केले, म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा गोमंतकीय रंगभूमीवर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त समजूत असते. तिचा आज मी भंग करणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गणित शिकवीत असत आणि पुस्तकाबाहेरच्या प्रश्नाला कधी नाही म्हणत नसत, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या भरवशावर मी हा विषय घेतला आहे.

विषय माझ्याकडे आला तो दूरध्वनीवरून. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू महाराष्ट्रातील एका उड्डाणशाळेत वैमानिकाचे शिक्षण घेतो. एका रात्री त्याने विचारले, "आजोबा, हार्ड लँडिंगला मराठीत काय म्हणायचे?" मी कोशकाराच्या थाटात 'कठोर अवतरण' असे काहीतरी सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "तसे नव्हे. माझ्या हातून झाले आहे."

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की शब्द माझ्याजवळ होता, पण त्या शब्दाच्या आत काय घडते याची मला काडीमात्र कल्पना नव्हती. पुढचे काही महिने मी त्या मुलाला प्रश्न विचारविचारून बेजार केले, काही पुस्तके वाचली, आणि जे समजले ते आपल्यापुढे मांडतो आहे.

आपल्या पिढीला विमान म्हणजे आकाशातला ठिपका. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पेडण्यातल्या मुलांना त्या दिवसापर्यंत दाबोळी हे नावही पुरते ठाऊक नव्हते. आज त्याच पेडणे तालुक्यात मोप्याच्या सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. ज्या सड्यावर गुरे चरत होती त्याचे आणि ती गुरे राखणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तोही कुणीतरी द्यायला हवा. एवढे खरे, की विमानाचे उतरणे आता आपल्याला घराच्या पडवीत बसून दिसते. दिसते, पण कळत नाही.

'उतरणे' हे क्रियापद आपण फार ढिलेपणाने वापरतो. माणूस कदंबा बसमधून उतरतो, ताप उतरतो, नदीचे पाणी उतरते, आणि विमानही उतरते. वस्तुतः विमानाच्या बाबतीत अचूक शब्द 'टेकणे' हा आहे. पाय अलगद टेकतात, माथा टेकतो. त्यात वेग संपवून स्वाधीन होण्याचा भाव आहे. ते साधले नाही, की उरते ते 'आदळणे'. माझ्या 'कठोर अवतरणा'पेक्षा हा शब्द शंभर पटींनी बरा, कारण त्यात आवाजही आहे.

टेकण्याची क्रिया समजून घ्यायची असेल, तर वायंगणाच्या शेतात उतरणारा बगळा पाहावा. तो तिरका घसरत खाली येतो. जमीन हातभर उरली, की अंग मागे कलते करतो, पंख वाऱ्यापुढे आडवे धरतो, क्षणभर हवेत थबकल्यासारखा दिसतो आणि मग पाय खाली ठेवतो. वैमानिकही हेच करतो. धावपट्टी जवळ आली, की तो विमानाचे नाक हळूहळू वर उचलतो. पंखांचा वाऱ्याशी असलेला कोन वाढतो. त्यामुळे कमी वेगातही विमान तोलले जाते आणि त्याच वेळी वेग आणखी मरत जातो. या क्रियेला वैमानिक 'फ्लेअर' म्हणतात. तिला मी आपला 'बगळा' म्हणतो, आणि आमच्या मुलालाही आता तीच सवय लागली आहे.

यात एक विलक्षण विरोध आहे. हवेत राहायचे तर वेग हवा, जमिनीवर थांबायचे तर वेग नको. केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट धक्क्याजवळ येताना इंजिन मंदावते. चूक झाली तर तांडेल पुन्हा मागे घेऊ शकतो, पाणी त्याला बुडवीत नाही. विमानाखाली असे पाणी नसते. त्याला तोलणारी हवा ही त्याच्या स्वतःच्या वेगातूनच निर्माण झालेली असते. तो वेग इतका संपवायचा, की पंखांतली शेवटची उचल संपावी आणि त्याच क्षणी चाकांखाली बोटभरच अंतर उरलेले असावे. बोटभराऐवजी वावभर उरले तर विमान पडते.

थोडे आकडे सांगतो. गुरुजी असते तर त्यांनी मागितलेच असते. शिक्षणासाठी वापरले जाणारे सेसना १५२ हे दोन आसनांचे विमान माणसे व इंधन धरून साडेसातशे किलोंच्या आसपास भरते. उतरताना त्याचा वेग साधारण ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटर असतो, आणि ते सेकंदाला सुमारे दीड मीटर या गतीने खाली येत असते. नाक मुळीच न उचलता ते तसेच जमिनीला लागले, तर तो आघात वीतभर उंचीवरूनही न पडलेल्या वस्तूएवढाच असतो. हे ऐकून मला आश्चर्य वाटले. छोट्या विमानांची रचना सेकंदाला दोन ते तीन मीटर या गतीचा आघात सोसण्याइतकी मजबूत करावी, असा दंडक आहे. मग मोडतोड होते कशी?

ती बहुधा वरच्या चुकीने होते. विद्यार्थी जमिनीला भितो, म्हणून बगळा लवकर करतो. विमान मीटर-दीड मीटर उंचीवर तरंगत राहते, वेग संपतो, उचल संपते आणि ते खाली येते. एक मीटरवरून निराधार पडणारी वस्तू सेकंदाला जवळजवळ साडेचार मीटर या गतीने जमिनीस लागते. पंखांत थोडी उचल शिल्लक असते म्हणून विमानाचे इतके वाईट होत नाही. पण आघाताची शक्ती गतीच्या वर्गाने वाढते, हे ध्यानात ठेवावे. दीडाचे साडेचार झाले, तर आघात तिप्पट नव्हे, नऊपट होतो. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या असे समजून आपण पाऊल टाकावे आणि आणखी एक पायरी निघावी, तेव्हा दातावर दात आपटतात. शिकाऊ वैमानिकाची चूक नेमकी हीच: त्याने पायऱ्या चुकीच्या मोजलेल्या असतात.

उलटी चूकही होते. विद्यार्थी थेट चाकांपुढची जमीन पाहत राहतो. ती इतक्या वेगाने धावत असते, की डोळ्यांना खोलीचा अंदाज येत नाही. मग नाक उचलायला उशीर होतो आणि पुढचे चाक आधी लागते. मुख्य चाके दणकट असतात, नाकाखालचे चाक नाजूक. त्याने विमानाला धावताना दिशा द्यायची असते. उतरण्याचा भार घेणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून शिक्षक एकसारखे सांगत असतात, की दृष्टी धावपट्टीच्या पार टोकाशी ठेव, उंची डोळ्यांच्या कडेने जाणव. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे पाहणारा मुलगा हमखास गटारात जातो, तशातलाच हा प्रकार.

एक गोष्ट मात्र मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, ती मी गणिताने काढली. बगळ्याचा हा सारा खेळ चार-पाच सेकंदांचा असतो. शंभर वेळा उतरलेल्या विद्यार्थ्याचा त्या कामाचा एकूण अनुभव किती? पाचशे सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटेही नाहीत. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यांतले टेकण्याच्या वाट्याला आलेले तास एका हाताच्या बोटांवरही मोजता येणार नाहीत. साडेआठ मिनिटांत आपल्यापैकी कुणाला 'क्ष' नीट काढता आला होता?

म्हणून जाणते शिक्षक त्या पाच सेकंदांवर फारसे बोलत नाहीत. त्याआधीच्या दोन मिनिटांवर बोलतात. खाली येण्याची वाट सरळ असावी, वेग ठरल्याप्रमाणे असावा. वेग साठऐवजी सत्तर नॉट असला, तर विमानातली गतीची शक्ती एक तृतीयांशाहून अधिक वाढलेली असते. ती कुठेतरी जिरवावी लागते. जमिनीलगत पंखांखालची हवा विमानाला गादीसारखा टेकू देते आणि ते तरंगत दूर जाते. पट्टी संपत चाललेली दिसते, विद्यार्थी अधीर होतो आणि ते जबरदस्तीने खाली दाबतो. आदळणे दिसते पट्टीवर. त्याचा उगम कोसभर मागे असतो.

हवा आणि जमीन हेही फसवितात. उन्हाळ्यात जांभा दगडाचा सडा किंवा खानदेश-विदर्भातली काळी जमीन तापली, की दुपारी हवेचे लोट वर येतात. नेमक्या शेवटच्या क्षणी विमान उचलले जाते आणि लगेच सोडून दिले जाते. म्हणून धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना सकाळ प्यारी असते. धावपट्टीची रुंदी हा दुसरा चकवा. अरुंद पट्टीवर शिकलेला विद्यार्थी मोप्यासारख्या साडेतीन किलोमीटर लांबीच्या प्रशस्त पट्टीवर आला, तर तिच्या रुंदीमुळे ती आहे त्याहून जवळ भासते. तो वरच बगळा करतो आणि आदळतो. डोळा खोटे बोलत नाही, तो जुन्या सवयीने बोलतो.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. पहिला दणका सहसा घातक नसतो, घातक असते त्यानंतर हाताने केलेली क्रिया. विमान आदळून उसळते, नाक आकाशाकडे जाते. घाबरलेला विद्यार्थी दांडा पुढे ढकलतो. नाक खाली येते, नाजूक चाक आपटते, विमान अधिक उंच उसळते. तो पुन्हा ढकलतो. प्रत्येक वेळी त्याचा हात विमानाच्या मागे अर्धा सेकंद असतो, त्यामुळे सावरण्यासाठी केलेली प्रत्येक हालचाल उसळीला जोरच देते. तिसऱ्या-चौथ्या उसळीला चाकाचा दांडा मोडतो, पंखा जमिनीला लागतो आणि मग इंजिन खोलून तपासावे लागते. यावर उपाय एकच: पूर्ण शक्ती द्यायची, उतरण्याचा नाद सोडायचा, वर जायचे आणि पुन्हा फेरी घ्यायची. सांगायला सोपे आहे. पण जमिनीजवळ आलेल्या माणसाला पुन्हा जमीन सोडायला सांगणे हे त्याच्या साऱ्या वृत्तींविरुद्ध असते.

जुन्या काळी यंत्राची तऱ्हा निराळी होती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानात उतरले, ते ज्या पस मॉथ विमानातून, त्याचा तिसरा टेकू शेपटीखाली होता. त्या रचनेत वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे जरा दणका बसला, की शेपूट खाली जाई, नाक वर येई आणि विमान आपोआप उडी मारी. पुढे नाकाखाली चाक आले आणि उतरणे सोपे झाले, असे म्हणतात. माझ्या मते चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकली, एवढेच.

आपल्या गोव्यात तर एक मौज आहे. दाबोळीच्या 'हंसा' या नौदलाच्या तळावर विमानवाहू जहाजावर उतरण्याचा सराव जमिनीवरच करता यावा, अशी सोय आहे. तेथे जाड तारा आडव्या ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांत अडकवायचा असतो. १३ सप्टेंबर २०१९ रोजी हलक्या लढाऊ विमानाची नौदलासाठी बनविलेली आवृत्ती येथे प्रथम तारेत अडकली, आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेच विमान 'विक्रमादित्य' जहाजावर उतरविले. जहाजावर उतरणारा वैमानिक बगळा करीत नाही. हलत्या जहाजावरच्या चार हातांच्या जागेत नेम साधायचा असतो, तरंगायला वेळ नसतो. तो विमान सरळ आदळवितो. त्याच्या विमानाचे पाय वायुदलाच्या विमानापेक्षा दुपटीहून अधिक गतीचा आघात सोसतील असे बांधलेले असतात. आणि चाके लागताच तो शक्ती कमी न करता पूर्ण वाढवितो, कारण तार चुकली तर त्याला त्याच क्षणी पुन्हा उडावे लागते. शिकाऊ मुलाला जे सांगून वळत नाही, ते हा वैमानिक प्रत्येक वेळी नियम म्हणून करतो.

परंतु शिकाऊ मुलाच्या विमानाचे पाय तसे नसतात. आमच्या मुलाने त्या रात्री मला सारे सांगितले. शिक्षक बरोबर नसलेले त्याचे ते तिसरे की चौथे उड्डाण होते. वरून पडला, एकदा उसळला, दुसऱ्यांदा टेकला आणि विमान जागेवर आणून उभे केले. बाहेरून पाहिले तर सारे धडधाकट. पुढचा विद्यार्थी टोपी घालून तयार उभा होता. मोठ्या प्रवासी विमानांत आघाताची नोंद यंत्र घेते. या जुन्या छोट्या विमानांत तसे यंत्र सहसा नसते. किती जोराने आदळले, हे फक्त त्याच्या पाठीच्या कण्याला ठाऊक होते.

तो म्हणाला, "आजोबा, मी दोन मिनिटे विमानाभोवती फिरलो. काही दिसेना. न सांगता चालले असते." मग त्याने अभियंत्याला जाऊन सांगितले. इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. नाकाच्या चाकाचा भार शेवटी तिच्यावर येतो. झाकण काढून पाहिल्यावर तिथे पत्र्याला सुरकुती पडलेली निघाली. विमान बंद ठेवावे लागले. मुलाचे उड्डाण थांबले, सोबत्यांचे वेळापत्रक कोलमडले, दोघांनी त्याच्याशी बोलणे सोडले. हार्ड लँडिंगला मराठीत काय म्हणतात, हे त्याला त्या रात्री हवे होते, कारण घरी आईला ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे त्याला सुचत नव्हते.

अशी सुरकुती पडलेले विमान दुसऱ्या दिवशीही उडते, हे यातले भयानक आहे. ते पाचव्या, दहाव्या विद्यार्थ्याच्या हातात मोडते. आणि बोल त्याला लागतो.

याच गोव्यातले एक प्रकरण येथे आठवते. ते विद्यार्थ्याचे नव्हे, पण नाते जवळचे आहे. ११ जानेवारी २०११ रोजी दिल्लीहून दाबोळीस आलेल्या एका प्रवासी विमानाने मुख्य चाकांआधी नाकाचे चाक टेकविले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी केली, त्या वैमानिकाच्या आधीच्या उतरण्यांच्या नोंदी काढल्या. शोध मागे मागे जात परवान्याच्या परीक्षेपर्यंत पोहोचला, आणि तिथली गुणपत्रिकाच बनावट असल्याचे महासंचालनालयाने जाहीर केले. मार्चमध्ये अटक झाली. मग देशभरातल्या वैमानिकांच्या परवान्यांची छाननी झाली आणि आणखीही बनावट गुणपत्रिका सापडल्या. आयुष्यभर गुणपत्रिकांवर सह्या केलेल्या माणसाला ही बातमी वाचून काय वाटले असेल, ते येथील शिक्षकांना सांगायला नको. दाबोळीच्या पट्टीवर एक चाक चुकीच्या क्रमाने लागले नसते, तर ते कागद कधी उलगडले असते कोण जाणे.

एक शब्द शिक्षकाविषयी. या विमानात दोघांपुढेही सारखेच दांडे असतात. विद्यार्थी चुकतो आहे हे शिक्षकाला आधी दिसते. त्याने लगेच दांडा धरला, तर विमान वाचते, पण मुलाला आपली चूक पुरी कधी दिसतच नाही. उशिरा धरला तर विमान मोडते. या दोहोंमध्ये अर्धा सेकंद असतो. आपले गुरुजी पहिलीच्या मुलांचाही वर्ग घेत, तेव्हा पाटीवर मुलाचा हात धरून गिरवून घेताना मध्येच हात सैल सोडीत; मुलाला ते कळतही नसे. त्यांना विमानाचे कौतुक होते की नाही मला ठाऊक नाही, पण त्या अर्ध्या सेकंदाचे मर्म त्यांना नक्की समजले असते.

मुलाचे उड्डाण काही आठवड्यांनी पुन्हा सुरू झाले, प्रथम शिक्षकासह. मागच्या आठवड्यात त्याचा दूरध्वनी आला. "आजोबा, आज बारा फेऱ्या मारल्या. सात वेळा टेकलो, चार वेळा आदळलो." मी म्हटले, "हे अकराच झाले."

"एकदा वरच बगळा झाला. शक्ती दिली आणि निघून गेलो."

शिक्षक काय म्हणाले, असे मी विचारले. ते काही बोलले नाहीत, असे तो म्हणाला. फक्त त्यांचे हात पूर्ण वेळ मांडीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा उड्डाण होते, म्हणून त्याने लवकर बोलणे आटोपले.